थर्ड पार्टी म्हणजे नक्की कोण? आपल्या टू-व्हीलर इन्शुरन्सची आठ दशकांची गोष्ट

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. जसाच्या तसा सांगते. "ताई, गाडीचा इन्शुरन्स संपलाय. सगळ्यात स्वस्त कुठला ते सांगा ना. मामानं पकडलं तर दाखवायला पाहिजे, बाकी काही नको."

मेसेज ऐकून हसू आलं, पण राग नाही आला. कारण आपल्यापैकी बहुतेकांचा हाच हिशोब असतो. आरसी, लायसन्स, पीयूसी आणि इन्शुरन्स, ही चार कागदांची चळत. चौकात दाखवायची आणि परत डिकीत टाकायची. आता डिकीही गेली, सगळं मोबाइलमध्ये आलं.

पण दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. कारण त्या पीडीएफमधली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेली आहे. ते भांडण कळलं की कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही, ते आपोआप कळतं. म्हणून आजचा भाग थोडा इतिहासाचा. शेवटी उत्तर देणार आहे, पळून जात नाहीये.

आधी गाडी आली, मग जबाबदारी

भारतात मोटारींसाठी देशभराचा पहिला कायदा १९१४ साली आला. त्यात नोंदणी होती, लायसन्स होतं, पण विम्याची सक्ती नव्हती. समजा त्या काळात मुंबईत एखाद्या मोटारीखाली गिरणी कामगार सापडला आणि गेला. त्याच्या बायकोनं काय करायचं? १८५५ चा एक कायदा होता, त्याखाली दिवाणी कोर्टात दावा लावता यायचा. म्हणजे वकील करा, कोर्ट फी भरा, चूक ड्रायव्हरचीच होती हे सिद्ध करा, आणि वर्षानुवर्षं तारखा खा. एवढं करून दावा जिंकलात आणि गाडीवाल्याकडे पैसेच नसले, तर हातात उरतो तो फक्त निकालाचा कागद.

ही अडचण फक्त आपली नव्हती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२७ पासून गाडीचा विमा सक्तीचा झाला. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये तेच केलं. दोन्हीकडे विचार साधा होता. रस्त्यावर गाडी आणायची तर आण बाबा, पण तुझ्या हातून कुणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईची सोय आधी कर, आणि मग किक मार.

आपल्याकडे १९३६-३७ मध्ये यावर एक समिती बसली आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याचं आठवं प्रकरण विम्याचं. पण गंमत बघा, कायदा १९३९ चा आणि विम्याचं प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ ला. मधल्या काळात अख्खं दुसरं महायुद्ध होऊन गेलं. म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम वर्षभर आधी आपल्याकडे थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा झाला.

तिऱ्हाईत

आता हा थर्ड पार्टी कोण? करारात पहिला पक्ष तुम्ही, दुसरा पक्ष विमा कंपनी. तिसरा तो, ज्याचा या कराराशी काहीच संबंध नाही, पण तुमच्या गाडीचा धक्का त्याला लागू शकतो. आपल्या मराठीत यासाठी फार जुना शब्द आहे, तिऱ्हाईत. भाजी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या काकू, सायकलवरचा शाळकरी पोरगा, सिग्नलला तुमच्या पुढे थांबलेला रिक्षावाला.

म्हणजे जो विमा "मामाला दाखवायला" काढतो, तो मामासाठी नाही आणि आपल्यासाठीही नाही. तो त्या काकूंसाठी आहे. हप्ता आपण भरायचा आणि पैसे मिळाले तर ते आपल्याला कधीच न भेटलेल्या माणसाला. म्हणूनच सरकारला सक्ती करावी लागली. आपण होऊन कोण भरणार होतं?

गॅरेजमध्ये आपण "फर्स्ट पार्टी इन्शुरन्स" म्हणतो ना, तो शब्द कायद्यातला नाही, बोलण्यातला आहे. त्याचा अर्थ आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर. कागदावर त्याला ओन डॅमेज लिहिलेलं असतं, आणि थर्ड पार्टीसोबत दोन्ही एकत्र घेतलं की त्याला पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी म्हणतात. जुने एजंट नुसत्या थर्ड पार्टीला "ॲक्ट पॉलिसी" म्हणायचे. म्हणजे कायद्याला हवं तेवढंच.

मागे बसलेला मित्र कुठे गेला?

इथे एक मोठी फट राहिली, आणि ती आपल्या पिढीला सगळ्यात जास्त लागू आहे. १९३९ चा कायदा ब्रिटिश साच्यावर बेतलेला. त्या साच्यात खासगी गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशासाठी विम्याची सक्तीच नव्हती. भाडं देऊन बसलात तर प्रवासी, मित्र म्हणून बसलात तर स्वतःच्या जबाबदारीवर. ब्रिटनने ही फट १९७१ साली कायदा करून बुजवली. आपल्याकडे ती तशीच पुढे आली.

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक केस आली. स्कूटरच्या मागे बसलेला माणूस अपघातात गेला होता, आणि स्कूटरला होती फक्त ॲक्ट पॉलिसी. कोर्टाने सांगितलं की अशा पॉलिसीत फुकट बसलेल्या पिलियनची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मग पैसे कोणाकडे मागायचे? ज्याची चूक आहे त्याच्याकडे. म्हणजे बऱ्याचदा मित्राकडेच.

२००९ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना स्पष्ट केलं की पॅकेज पॉलिसीत पिलियनही धरलेला आहे, आणि पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक मान्य केला. त्यानंतर कायद्याची भाषा बदलत गेली, वादही होत राहिले. पण आपण वादात कशाला पडायचं? तुमच्या मागे रोज कुणी बसत असेल, बहीण, बायको, रूममेट, तर नुसत्या थर्ड पार्टीवर विसंबू नका. पॅकेज घ्या, आणि पॉलिसीत पिलियनबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

कोर्टाची पायरी थोडी खाली आली

१९४६ नंतर पैसे कंपनीकडून मिळायची सोय झाली, पण रस्ता तोच, दिवाणी कोर्टाचा. १९५६ च्या दुरुस्तीने खास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आणली. तुमच्या गावात कुणाच्या घरी "क्लेमची केस चालू आहे" असं ऐकलं असेल, ती इथली. नेहमीच्या दाव्याएवढी जड कोर्ट फी नाही, पद्धत सोपी, आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. म्हणजे अपघात हायवेवर परराज्यात झाला तरी साताऱ्याच्या माणसाला तिकडे खेटे घालायला नकोत.

तरीही चूक कोणाची हा प्रश्न होताच. १९८२ मध्ये त्यावर तोड निघाली. चूक सिद्ध होण्याची वाट न बघता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये द्यायचे. आज आकडे चिल्लर वाटतात, पण तत्त्व मोठं होतं. आधी चूल पेटू दे, भांडण मागाहून. ठोकून पळून गेलेल्या गाड्यांच्या बळींसाठीही तेव्हाच तरतूद झाली. आज हिट अँड रनमध्ये मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून.

चेतकचे दिवस

आता जरा आपल्या घराकडे येऊ. १९७२ मध्ये पुण्याच्या बजाजची चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची गाडी. ज्यांच्या आजोबांकडे होती त्यांना विचारा, स्कूटर घरी आली तेव्हा पेढे वाटले होते का.

त्याच सुमारास विम्याचं जग पूर्ण बदललं. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ कंपन्या एकत्र करून चारच उरल्या. त्यातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स सर दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये मुंबईत काढलेली. बाकीच्या तीन म्हणजे नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. दर ठरलेले, शर्ती ठरलेल्या. कुठेही गेलात तरी भाव तोच. त्यामुळे "स्वस्त कुठला" हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एकच, आरटीओच्या बाहेर बसलेला कुठला एजंट लवकर कव्हर नोट फाडून देतो.

या काळात एक सवय लागली, आणि ती अजून गेलेली नाही. इन्शुरन्स हे पासिंगचं काम, आरटीओचं काम. तो वाचायचा असतो, हे कुणी शिकवलंच नाही.

१९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. आज आपण ज्याच्याखाली आहोत तो हाच. त्यात माणसाचा जीव गेला किंवा दुखापत झाली तर विमा कंपनीच्या जबाबदारीला रकमेची वरची मर्यादा ठेवली नाही. न्यायाधिकरण जेवढं ठरवेल तेवढं. विचार करा, तीस वर्षांचा कमावता माणूस गेला तर भरपाई सहज लाखांमध्ये जाते. विमा असेल तर ती कंपनी देते. नसेल तर तुम्ही. तुमच्याकडे नसतील तर बाबांचा फ्लॅट, गावाकडची जमीन, काय असेल ते.

भाव मोकळे झाले, पण अर्धेच

२००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले. इथून पुढे तुमच्या त्या "स्वस्त कुठला" या प्रश्नाला पहिल्यांदा अर्थ आला. पण अर्धाच! कारण थर्ड पार्टीचा दर मात्र मोकळा केला नाही. तो आजही सरकार ठरवतं.

जून २०२२ ला लागू झालेले वर्षाचे दर सांगते. ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये. ७५ ते १५० सीसी ७१४ रुपये. १५० ते ३५० सीसी १,३६६ रुपये. ३५० च्या वर २,८०४ रुपये. वर जीएसटी वेगळा. इलेक्ट्रिक गाड्यांना यात १५ टक्के सूट. आता तुम्हाला कळेल की १४९.५ सीसीची पल्सर आणि ११० सीसीची स्कूटर एकाच खणात का बसतात.

७१४ भागिले ३६५ करा. दिवसाला दोन रुपयांच्या आत. आणि विमा नसताना पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला दंड २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळेला दंड ४,०००.

यातून एक सोपा नियम निघतो. थर्ड पार्टी सगळीकडे त्याच भावाला असते. कुणी तुम्हाला २५० रुपयांत थर्ड पार्टी काढून देतो म्हणाला, तर ती स्वस्त नाही, ती खोटी आहे. बनावट पॉलिसींबद्दल नियामकाने जाहीर इशारे दिले आहेत, ते उगाच नाही.

कोइम्बतूरच्या डॉक्टरांची याचिका

कायदा होता, दंड होता, तरी लोक भरत नव्हते. पहिल्या वर्षी शोरूममध्ये गाडीबरोबर निघायचा तो विमा, पुढे राम राम. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेसाठी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या प्रकरणात २०१८ मध्ये कोर्टापुढे आलेलं चित्र असं होतं, रस्त्यावर सुमारे १८ कोटी गाड्या आणि थर्ड पार्टी विमा त्यातल्या सुमारे ६ कोटींनाच.

म्हणून कोर्टाने आदेश दिला. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलर घेताना थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांचा घ्यायचा, कारला तीन वर्षांचा. ७५ ते १५० सीसीच्या नव्या गाडीला हा पाच वर्षांचा हप्ता २०२२ च्या दरांनुसार ३,८५१ रुपये. शोरूममधला तो मोठा आकडा बघून तुम्ही तोंड वाकडं केलं असेल, त्याचं कारण हे.

पण यातून नवा गोंधळ झाला. पोरं म्हणतात, "माझा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे." थांबा! पाच वर्षांचा आहे तो तिऱ्हाइताचा. तुमच्या गाडीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, बहुतेक वेळा एकच वर्ष असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली की मग पॉलिसी उघडून बघतात. आजच मोबाइल काढा आणि दोन्ही तारखा बघा. दोन वेगळ्या तारखा असतात.

गाडी बाबांच्या नावावर आहे?

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१८ मध्येच गाडीमालकाच्या अपघाती विम्याची रक्कम वाढवून १५ लाख केली. टू-व्हीलरला आधी ती १ लाख होती. पण याचं नाव नीट वाचा, ओनर-ड्रायव्हर. जो मालक आहे, ज्याच्याकडे लायसन्स आहे आणि जो स्वतः चालवतोय, त्याच्यासाठी.

आपल्याकडे काय असतं? गाडी बाबांच्या नावावर, चालवतो मुलगा. मुलाचा अपघात झाला तर तो मालक नाही, म्हणून हे १५ लाख नाहीत. तो तिऱ्हाईतही नाही, कारण उसनी गाडी चालवणारा मालकाच्या जागी येतो असं न्यायालयांनी धरलं आहे. समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या विम्यावर दावा लागतो. पण एकटाच घसरून पडला तर? मग दोन्ही खुर्च्यांच्या मधे.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के टू-व्हीलरवरची होती. म्हणून सांगते, गाडी तुम्ही चालवत असाल तर ती तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. २०१९ पासून हे कव्हर वेगळं घेता येतं, आणि तसं १५ लाखांचं कव्हर आधीच असेल तर प्रत्येक गाडीबरोबर पुन्हा पैसे भरायची गरज नाही. इथे खरी बचत आहे.

तर दादा, तुमचं उत्तर

थर्ड पार्टीत घासाघीस नाही, ती वेळेवर भरायची. घासाघीस ओन डॅमेजमध्ये. तिथे तीन गोष्टी बघा.

एक, आयडीव्ही, म्हणजे कंपनीने धरलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली तर यावरच पैसे मिळतात. हप्ता कमी दिसावा म्हणून ही किंमत खाली ओढलेली असू शकते. दोन कोटेशन्स शेजारी ठेवताना आधी आयडीव्ही सारखी आहे का बघा.

दोन, नो क्लेम बोनस. पहिल्या वर्षी क्लेम केला नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत सूट. ही सूट गाडीची नसते, तुमची असते. गाडी विकलीत तरी नवीन गाडीवर नेता येते. पण पॉलिसी संपून ९० दिवस गेले तर ती गेली. म्हणून आरशाच्या फुटक्या काचेसाठी क्लेम करण्याआधी हिशोब करा.

तीन, झिरो डेप. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के कापतात. आजच्या स्कूटरचं अर्धं अंग प्लॅस्टिकचं. गाडी नवी असेल तर घ्या, आठ वर्षांची असेल तर बहुधा गरज नाही.

आणि भरवशाचं काय? पैसे भरल्यावर पॉलिसीचा नंबर कंपनीच्या साइटवर तपासा. काही दिवसांनी एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख दिसते का बघा. कंपनी नियामकाच्या यादीत आहे का बघा. क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग बीमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर १४ दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्या. आरसी बदलली म्हणजे सगळं झालं असं नाही.

शेवटचं एक. लायसन्स नसलेल्या मित्राला चावी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलंय की अशा वेळी कंपनीला जखमी माणसाला पैसे द्यायला लावता येतं, पण नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करता येतात. म्हणजे विमा असूनही बिल तुमच्याच घरी.

आठ दशकांपूर्वी हा कायदा आला तेव्हा रस्त्यावर गाड्या मोजक्या होत्या आणि चालणारे खूप. आज आपण सगळेच गाडीवर आहोत. पण गाडी स्टँडवर लावली आणि समोरच्या टपरीकडे चहाला निघालात, की रस्ता ओलांडताना तुम्हीच कुणाचे तरी तिऱ्हाईत असता. समोरून येणाऱ्याने त्याचे दिवसाचे दोन रुपये भरलेले असावेत असं तुम्हाला वाटतं ना? त्यालाही तुमच्याबद्दल तेच वाटतं.

पॉलिसीच्या तारखा बघितल्यात की मला व्हॉइस मेसेज पाठवा. किती जणांची संपलेली निघाली ते पुढच्या भागात सांगते. तोवर हेल्मेट घाला, सावकाश जा. भेटूच.